धार्मिक अधिष्ठान असलेल्या विद्यापीठाचे कुलगुरुपद : मुंबईतील प्राध्यापिकांनी तयारी कशी करावी

मुंबईतील ज्या प्राध्यापिकेला पुढे एखाद्या धार्मिक किंवा अल्पसंख्याक अधिष्ठान असलेल्या विद्यापीठाचे नेतृत्व करण्याची इच्छा आहे, तिने सर्वप्रथम त्या संस्थेचा कायदा किंवा न्यासाची घटना मिळवून वाचावी, कारण अशा सगळ्या संस्था एकाच नियमाने चालत नाहीत. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ १९२० च्या केंद्रीय कायद्याने स्थापन झाले. तेथे कार्यकारी परिषद नावे निवडते, विद्यापीठाचे ‘कोर्ट’ (न्यायालय नव्हे, विद्यापीठाची सर्वोच्च नियामक सभा) त्यांतून तीन नावे पुढे पाठवते आणि नियुक्ती राष्ट्रपती करतात.

बहुतेकींची पहिली मोठी पायरी प्राचार्यपदाची असते. सेक्रेड हार्ट सोसायटीच्या धर्मभगिनींनी १९४० मध्ये सुरू केलेल्या सोफिया महाविद्यालयासारख्या अल्पसंख्याक संस्थांना संविधानाच्या कलम ३० चे, म्हणजे स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवण्याच्या हक्काचे, संरक्षण आहे. पात्र उमेदवारांतून प्राचार्य निवडण्याचा अधिकार व्यवस्थापनाचा असून त्यावर सेवाज्येष्ठतेचे बंधन घालता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे ज्येष्ठता यादीत आपले नाव पहिले आहे, एवढ्या भरवशावर बसून राहू नये. पात्रतेच्या अटी मात्र सुटत नाहीत: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांनुसार प्राचार्यपदासाठी पीएच.डी., १५ वर्षांचा अनुभव, १० शोधनिबंध आणि ११० संशोधन गुण लागतात.

कुलगुरुपदासाठी साधारणपणे प्राध्यापक म्हणून १० वर्षे मोजली जातात, आणि खरे गणित येथेच चुकते. पीएच.डी. घेऊन रुजू झालेल्या सहायक प्राध्यापिकेला पदोन्नती योजनेतून प्राध्यापक होण्यास किमान १५ वर्षे लागतात. म्हणजे २८ व्या वर्षी नोकरीला लागलेली स्त्री लवकरात लवकर ५३ व्या वर्षी पात्र ठरते, आणि महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांत कुलगुरूंची मुदत ५ वर्षे किंवा वयाची ६५ वर्षे, जे आधी येईल तोवरच असते. बाळंतपण, घरातील आजारपण किंवा ‘पुढच्या वर्षी पाहू’ या सवयीने पदोन्नतीचा प्रस्ताव एकदा रखडला, की तो काळ शेवटच्या टप्प्यातून वजा होतो. म्हणून प्रस्ताव पात्रतेच्या तारखेलाच दाखल करावा आणि त्याची पोच जपून ठेवावी.

नैमा खातून यांची वाटचाल या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. मानसशास्त्राच्या अध्यापक म्हणून १९८८ मध्ये त्या अलीगढला रुजू झाल्या, २००६ मध्ये प्राध्यापक झाल्या, २०१४ मध्ये तेथील महिला महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या आणि एप्रिल २०२४ मध्ये विद्यापीठाच्या पहिल्या महिला कुलगुरू ठरल्या. कुलगुरुपदापूर्वीची जवळपास १० वर्षे त्यांनी प्रशासनात काढली होती. मुंबई विद्यापीठाच्या माजी कुलगुरू डॉ. स्नेहलता देशमुख (१९९५ ते २०००) यासुद्धा शीव येथील पालिका रुग्णालयाचे अधिष्ठातापद सांभाळून आलेल्या होत्या. नॅकचा (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी राष्ट्रीय संस्था) अहवाल, अंदाजपत्रक, वसतिगृह अशी कामे सहकारी टाळतात, तेव्हा ती मागून घ्यावीत; फक्त ‘प्रभारी’ पदावर वर्षानुवर्षे बिनआदेश राबू नये, प्रत्येक जबाबदारीचे लेखी पत्र घ्यावे.

नैमा खातून यांच्या निवडीला न्यायालयात आव्हान मिळाले, कारण नावे ठरवणाऱ्या बैठकीचे अध्यक्षस्थान त्यांचे पती, तत्कालीन प्रभारी कुलगुरू, यांच्याकडे होते. २०२५ मध्ये आधी उच्च न्यायालयाने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने नियुक्ती कायम ठेवली, तरी वर्षभराहून अधिक काळ पदावर खटल्याची छाया राहिली. निवड समितीत आपला नातेवाईक किंवा शोधनिबंधाचा सहलेखक असेल, तर त्याने बाजूला व्हावे अशी लेखी विनंती उमेदवारानेच अर्जासोबत करावी आणि बैठकीच्या इतिवृत्तात तशी नोंद झाली आहे का, हे नंतर विचारून घ्यावे.

धार्मिकतेचा देखावा मुलाखतीत टिकत नाही. त्यापेक्षा संस्थापकांनी ती संस्था कोणासाठी काढली आणि त्या समाजातील मुली आज कोणत्या वर्षात शिक्षण सोडतात, याची माहिती प्रवेशाच्या नोंदींतून स्वतः काढावी आणि अर्जासोबतच्या कार्य-आराखड्यात पहिल्याच पानावर मांडावी.