एक्सएमएलमध्ये नमुना शोधताना प्रोग्राम लटकतो: मला लागू पडलेला उपाय

आमच्या दारव्हा तालुक्यातल्या शेतकरी कंपनीच्या नोंदी एक्सएमएलमध्ये (खुणांच्या आत खुणा घालून माहिती लिहायची पद्धत) आहेत: गाव, त्यात सर्व्हे नंबर, त्यात पोटहिस्सा, पोटहिस्स्यातही पोटहिस्से. 'ज्या पोटहिस्स्याखाली कुठेही ठिबक आणि तूर दोन्ही आहेत' असा शोध चालायचा. पण 'खाली कुठेही'ची आणखी एक पायरी जोडली की वेळ पटींनी वाढायचा.

रॅम वाढवली, फाइल गावनिहाय तोडली; फरक नाही. डोकं पार आऊट झालं होतं. कोड वरून खाली जाताना तोच पोटहिस्सा प्रत्येक पूर्वजाकडून नव्याने तपासत होता, खरं दुखणं ते.

आता उलटं, खालून वर:

१. नमुन्याचंही (शोधायच्या अटींचं) झाड काढा, त्याच्या गाठींना, म्हणजे झाडातल्या एकेका घटकाला, पानांपासून नंबर द्या.
२. पायथॉनच्या 'आयटरपार्स'ने (फाइल टप्प्याटप्प्याने वाचणारं फंक्शन) 'स्टार्ट' (गाठ सुरू) आणि 'एंड' (गाठ संपली) दोन्ही घटना घ्या. 'एंड' मुलं, म्हणजे आतल्या गाठी, संपल्यावरच येते, म्हणून क्रम आपोआप बरोबर लागतो.
३. 'स्टार्ट'ला स्टॅकवर (शेवटी ठेवलेलं आधी काढायची चळत) दोन रिकामे संच टाका: 'मुलांत जुळलेले' आणि 'खाली कुठेही जुळलेले'.
४. 'एंड'ला नमुन्याची प्रत्येक गाठ नंबरांच्या क्रमाने तपासा: नाव जुळतं का, थेट मुलाची अट पहिल्या संचात आहे का, 'खाली कुठेही'ची अट दुसऱ्यात.
५. स्टॅकवरून काढा. जुळलेले नंबर पालकाच्या दोन्ही संचांत, स्वतःचा दुसरा संच पालकाच्या दुसऱ्यात मिसळा. मग 'क्लिअर' करून ती गाठ मेमरीतून रिकामी करा.

काम फाइलमधल्या गाठी गुणिले नमुन्याच्या गाठी, एवढंच. गॉटलोब, कोख आणि पिखलर या संशोधकांनी 2002 मध्येच दाखवलं होतं की एक्सपाथला (एक्सएमएलमध्ये शोध लिहायची भाषा) घातांकी, म्हणजे पायरीगणिक पटींनी वाढणारा, वेळ लागायलाच हवा असं नाही.

एक जपा: नमुन्याच्या दोन फांद्या एकाच गाठीवर बसल्या तरी इथे चालतं. त्या वेगळ्याच हव्यात आणि भावंडांचा क्रमही नको, असं म्हटलं की प्रश्न एनपी-कम्प्लीट (ज्यावर नेहमी झटपट चालणारी रीत माहीत नाही अशा) वृक्ष-समावेशाकडे, म्हणजे एक झाड दुसऱ्यात बसतं का या प्रश्नाकडे, जातो. तिथे ही रीत पुरणार नाही.