कादंबरीतलं लहान पोर नेमकं कशाचं प्रतीक आहे हे कसं शोधायचं? (‘स्कार्लेट लेटर’मधली पर्ल घेऊन)

साताऱ्यात आमचा वाचणाऱ्यांचा छोटा ग्रुप आहे, कॉलेजच्या पोरी, एक रिटायर्ड मास्तर, करंजे भागातल्या एक काकू, असं सगळं मिक्स. सध्या नॅथॅनिएल हॉथॉर्नचं ‘द स्कार्लेट लेटर’ चाललंय, 1850 चं. पोरी पहिल्याच दिवशी झेरॉक्स नोट्स घेऊन आल्या, त्यात लिहिलेलं की पर्ल पापाचं प्रतीक आहे. झालं, आता पुस्तक वाचायची गरजच काय! तर असल्या एका ओळीवर न थांबता कसं वाचायचं ते सांगतो. शेवट फुटणार आहे, आधीच बोललेलं बरं.

गोष्ट एवढीच माहीत असू द्या: सतराव्या शतकातलं बोस्टन, कडक धर्माची माणसं. हेस्टरचा नवरा दोन वर्षं बेपत्ता आणि तिला मुलगी होते, बापाचं नाव ती काही केल्या सांगत नाही, म्हणून छातीवर लाल ‘ए’ अक्षर (अ‍ॅडल्टरी, म्हणजे व्यभिचार, यातलं) लावून फिरायची शिक्षा. बाप म्हणजे गावचाच धर्मगुरू डिम्सडेल, ज्याला सगळे देवमाणूस समजतात. मुलगी पर्ल.

आधी एकदा नुसतं वाचून काढा, अर्थबिर्थ शोधू नका. दुसऱ्यांदा वही घ्या (पुस्तक वाचनालयाचं असलं तर कृपा करून त्यात पेन्सिल चालवू नका) आणि पानाचे दोन भाग करा. डावीकडे पोरीबद्दल कोण काय म्हणतं, उजवीकडे पोरगी स्वतः काय करते. एवढं एक केलं तरी अर्धं काम झालं, कारण बहुतेक घोळ हे दोन्ही एकत्र केल्यानं होतात. गाव म्हणतं सैतानाचं पोर. आई म्हणते हाच माझा आनंद आणि हीच माझी शिक्षा. लेखक स्वतः म्हणतो की हे ते लाल अक्षरच आहे, जिवंत झालेलं. हे सगळं डावीकडे. नोट्सवाले इथूनच उचलतात आणि मोकळे होतात.

उजवीकडे लिहिताना पोरीच्या अंगावर आणि हातात काय आहे ते बघा. सातव्या चॅप्टरमध्ये आई तिला लाल मखमलीचा, जरीकाम केलेला झगा घालते, म्हणजे छातीवरचंच अक्षर कापड बदलून पोरीच्या अंगावर आलं. पण हे आईनं केलंय बरं का, पोरीनं नाही. पोरीचं स्वतःचं बघायचं तर पंधरावा चॅप्टर काढा. समुद्रकाठी एकटी खेळतेय, पाखरांना खडे मारते, एका करड्या पाखराला बहुतेक लागतं, ते फडफडत जातं, तशी ही सुस्कारा टाकून खेळच सोडून देते. मग समुद्राचं गवत घेते आणि स्वतःच्या छातीवर तसंच ‘ए’ बनवते, फक्त हिरवं. आता सांगा, पाप हिरवं असतं का? पोरीला ते अक्षर लाजेचं वाटतच नाही, आईचं आहे म्हणून तिलाही हवंय. आमच्या काकू इथं म्हणाल्या, “अहो, आईची टिकली लावून बघतात ना पोरी, तसंच आहे ते.” मास्तर जरा गप्प झाले.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. तुमच्या अर्थात न बसणारी जागा मुद्दाम शोधा. आठव्या चॅप्टरमध्ये गावची बडी मंडळी पोरगी आईपासून काढून घ्यायला निघतात, डिम्सडेल मधे पडून वाचवतो, आणि ही आडदांड पोरगी हळूच जाऊन त्याचा हात धरते आणि गाल टेकवते. एकोणिसाव्यात मात्र त्यानं कपाळावर पापी घेतली की पळत ओढ्यावर जाऊन धुऊन टाकते! त्याच प्रसंगात आईनं अक्षर काढून फेकलंय, केस मोकळे सोडलेत, कितीतरी वर्षांनी बाई खुश आहे, आणि पोरगी ओढ्याच्या पलीकडून हलायला तयार नाही, पाय आपटते, किंचाळते, बोट आईच्या छातीकडे. आई अक्षर परत लावते तेव्हाच येते, आणि आईबरोबर त्या अक्षराचीही पापी घेते. मी हे असं वाचतो की तिला पाप-पुण्याचं देणंघेणं नाही, तिला लपवाछपवी चालत नाही. बाराव्या चॅप्टरमध्ये रात्री शिक्षेच्या चौथऱ्यावर आई, पर्ल आणि डिम्सडेल तिघं उभे होते तेव्हा तिनं त्याला विचारलेलंच की उद्या दुपारी सगळ्यांसमोर आमच्याबरोबर उभा राहशील का, तेव्हा तो नाही म्हणाला. तेविसाव्या चॅप्टरमध्ये सगळ्या गावासमोर कबूल करतो आणि पापी मागतो तेव्हा ती त्याची पापी घेते आणि रडते. लेखक सांगतो की आईला यातना देणाऱ्या दूताचं तिचं काम तिथं संपलं, आता ती साधी बाई म्हणून जगेल. प्रतीक कुठं संपतं आणि माणूस कुठं सुरू होतं ती जागा सापडली की वहीत तारीख टाकून लिहून ठेवा.

एक सांभाळा, पोरीच्या प्रत्येक हट्टाला अर्थ चिकटवू नका. हॉथॉर्नची स्वतःची मुलगी उना 1844 ची, पर्ल बरीचशी तिच्यावरून घेतलीय असं मानतात, म्हणजे काही हट्ट निव्वळ घरात बघितलेले असणार.

उत्तर लिहिताना “पर्ल म्हणजे अमुक” न लिहिता “अमुक माणसाला पर्ल अशी दिसते, पण या प्रसंगात ती असं करते” अशी वाक्यं करा, खाली चॅप्टर नंबर टाका. इंग्रजी जड जात असेल तर निदान 6, 7, 8, 15, 19, 23 एवढे तरी वाचा, मूळ पुस्तक कॉपीराइटमुक्त असल्यानं नेटवर फुकट मिळतं.

हीच वही मग ‘कोसला’तल्या मनीसाठी वापरून बघा, 1963 ची नेमाड्यांची कादंबरी. पांडुरंगची ही धाकटी बहीण देवी येऊन मरते. तिथं मात्र दोन रकाने पुरत नाहीत, ती गेल्यावर पांडुरंगचं काय होतं यासाठी तिसरा पाडावा लागतो.