ग्रेस केलीचे चित्रपट कोणत्या क्रमाने पाहावेत

हॉलिवूड अभिनेत्री ग्रेस केलीची चित्रपट कारकीर्द १९५१ ते १९५६ एवढीच, चित्रपट अवघे ११. सगळे पाहून होतात, पण क्रम विस्कटला तर तिची वाढ हातून निसटते.

सुरुवात १९५२च्या 'हाय नून'पासून करा. त्याआधीच्या पहिल्या चित्रपटात तिची भूमिका अगदीच छोटी आहे, तो शेवटी पाहिला तरी चालेल. 'हाय नून'मध्ये ती जरा ताठर वाटते, हे ध्यानात ठेवा. मग 'मोगॅम्बो', ज्यासाठी तिला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं.

१९५४ला मात्र घाई नको. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकचे 'डायल एम फॉर मर्डर' आणि 'रिअर विंडो' लागोपाठ लावा. पहिल्यात ती कटात सापडलेली बायको, दुसऱ्यात धाडस तिचंच. पहिला थ्रीडीसाठी चित्रित झाला होता, म्हणून कॅमेऱ्यापुढे मुद्दाम ठेवलेल्या वस्तू साध्या पडद्यावर खटकतात. लगेच 'द कंट्री गर्ल' पाहा. 'रिअर विंडो'प्रमाणे इथेही वेशभूषा एडिथ हेडचीच, पण झगमगत्या गाऊनऐवजी साधा स्वेटर नि चष्मा. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर तिला याच भूमिकेसाठी मिळालं, आणि फरक फक्त कपड्यांचा नाही हे तिच्या थकलेल्या आवाजावरून कळतं.

टीव्हीवर चित्र ताणून दाखवण्याचं सेटिंग आधी बंद करा. 'हाय नून' जवळपास चौकोनी आहे, ताणला की चेहरे फुगतात. 'द स्वान' सिनेमास्कोपमध्ये, म्हणजे खूप रुंद चौकटीत आहे, कडा कापलेली प्रत टाळा.

शेवटी 'हाय सोसायटी'. त्यात तिच्या बोटात दिसते ती तिची खरी साखरपुड्याची अंगठी.