पॅनयार्डात सराव ऐकायला जाताय? या चुका टाळा

त्रिनिदादच्या कार्निव्हलला जाणारे बहुतेक जण सोमवार-मंगळवारची पिसांची मिरवणूक डोळ्यांसमोर ठेवून तिकीट काढतात. स्टीलपॅन, म्हणजे तेलाच्या पिंपापासून घडवलेलं वाद्य, ऐकायचा असेल तर पहिली चूक तिथंच होते. पॅनचं खरं काम त्याआधीचे काही आठवडे पोर्ट ऑफ स्पेनच्या पॅनयार्डांत चाललेलं असतं. पॅनयार्ड म्हणजे त्या त्या वस्तीतल्या बँडचं अंगण. १९६३ पासून चालत आलेल्या पॅनोरामा या स्टीलबँडांच्या स्पर्धेत मोठ्या बँडांची फायनल कार्निव्हलच्या शनिवारी, क्वीन्स पार्क सव्हानाच्या मैदानावर होते. रविवारी उतरलात तर यार्डात ऐकण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. गोव्याच्या वाचकांना तारखेचं गणित समजावायला नको, कारण दोन्हीकडचं कार्निव्हल राखेच्या बुधवाराच्या आदल्या मंगळवारी संपतं. २०२७ मध्ये तो मंगळवार ९ फेब्रुवारीला येतो. म्हणजे जानेवारीचा उत्तरार्ध तरी हाताशी हवा.

तारीख जमली की वेळ चुकते. संध्याकाळी सहाला गेलात तर झाकलेली वाद्यं आणि रिकाम्या खुर्च्या दिसतील. वाजवणारी माणसं दिवसभर नोकरी, शाळा, कॉलेज करून येतात. आठच्या सुमारास एकेक गट जमायला लागतो आणि पूर्ण बँड एकत्र वाजायला दहा-अकरा होतात. प्राथमिक फेरी जवळ आली की मध्यरात्र उलटून जाते. दुपारी झोप काढून जा.

सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळी आहे, आणि ती मीही पहिल्या वर्षी केली. एका रात्रीत चार यार्डं उरकली. वुडब्रुक वस्तीत फेज टू हा बँड, मग शहरात चार्लोट स्ट्रीटवरचे रेनिगेड्स, ड्यूक स्ट्रीटवरचे ऑल स्टार्स, असं टॅक्सीनं फिरत राहिलो. चारही ठिकाणी मला तेच ऐकू आलं: आठ-दहा सेकंदांचा एक तुकडा, थांबा, पुन्हा तोच. वाटलं, आपण चुकीच्या दिवशी आलो. तसं काही नव्हतं. सराव असाच असतो. वादकांपुढे स्वरलिपीचे कागद क्वचितच दिसतात. अरेंजर, म्हणजे बँडसाठी गाण्याची रचना बांधणारा, एक ओळ वाजवून किंवा गाऊन दाखवतो, गटातला मुख्य वादक ती उचलतो आणि बाकीचे त्याच्या हाताकडे बघत घोकतात. मोठ्या बँडात शंभराच्या आसपास माणसं असतात आणि आठेक मिनिटांची रचना प्रत्येकाला पाठ व्हावी लागते.

म्हणून एकच यार्ड निवडा आणि तिथं चार-चार दिवसांच्या अंतरानं तीनदा जा. पहिल्या रात्री ज्या तुकड्यावर सगळे अडखळत होते, तो तिसऱ्या खेपेला सुरळीत येतो आणि त्याच्या पुढं अख्खा नवा भाग जोडलेला असतो. कधी अरेंजरनं शेवटच बदललेला असतो. रचना अशी डोळ्यांदेखत उभी राहताना ऐकणं, हे मला फायनलच्या रात्रीपेक्षा मोलाचं वाटतं.

‘नुसता गोंगाट ऐकू येतो’ ही तक्रारही नेहमीची. ती उभं राहण्याच्या जागेची असते. बास पॅनच्या शेजारी थांबलात तर पोटात घुमणारा बासच ऐकू येणार. एकेक वादक सहा, नऊ किंवा बारा अख्खी पिंपं सांभाळत असतो. सूर धरणारे टेनर पॅन बहुधा पुढच्या बाजूला असतात. मध्ये कुठंतरी इंजिन रूम, म्हणजे ठेक्याचा ताफा: ड्रमसेट, काँगा आणि ‘आयर्न’. आयर्न म्हणजे गाडीच्या चाकातला ब्रेक ड्रम, लोखंडी सळ्यांनी वाजवलेला. आधी त्या आयर्नवर कान लावा. ठेका पकडलात की मग एकच गट धरून ठेवा, टेनर म्हणा किंवा चेलो नावाचे खालच्या सुरांचे पॅन म्हणा. नंतर यार्डाच्या कडेकडेनं एक फेरी मारा, तीच रचना चार बाजूंनी चार तऱ्हांची लागते. कानात घालायला बोळे असू द्या.

ढोल-ताशा पथकात वाजवलेल्या आपल्या माणसाकडून आणखी एक गल्लत होते. पॅनला तो ड्रम समजतो. पॅन हे सुरांचं वाद्य आहे. तेलाच्या पिंपाचा तळ ठोकून खोलगट करतात आणि त्यात एकेका स्वराची जागा घडवतात. टेनर पॅनच्या बाहेरच्या कडेला बारा स्वर असतात, आत त्यांचेच वरच्या सप्तकातले. ट्यूनर छोट्या हातोडीनं टकटक करत, कान लावून प्रत्येक स्वर जागेवर आणतो. त्यामुळं सहज बोटानं ठोकून बघणं, वर मोबाइल ठेवणं, पॅन ज्यावर लावलेले असतात त्या चाकांच्या रॅकला टेकून उभं राहणं, हे अजिबात नको. मी एकदा पाण्याची बाटली पॅनवर ठेवली होती. एका आजींनी ती न बोलता उचलून माझ्या हातात दिली आणि पदरानं पुसावं तसं ओढणीच्या टोकानं पॅनवरचं ओलं वर्तुळ पुसलं. तो स्पर्श मी विसरलेलो नाही. या वाद्यामागं ब्रिटिश राजवटीनं घातलेली ढोलांवरची बंदी आहे, त्यानंतरचे बांबूचे ठेके आहेत, पॅनवाल्यांना गुंड म्हणून हिणवलं गेल्याची वर्षं आहेत. १९९२ मध्ये ते देशाचं राष्ट्रीय वाद्य झालं.

व्हिडिओ काढण्याआधी विचारा. बहुतेक यार्डांत हरकत घेत नाहीत, पण स्पर्धेआधी रचना बाहेर जाऊ नये असं एखाद्याला वाटू शकतं. दोन रॅकच्या मध्ये घुसून तर कधीच काढू नका. अनेक यार्डांत आत जायला पैसे लागत नाहीत, तेव्हा पाणी, बिअर, टी-शर्ट तिथल्याच बारवर घ्या, ते पैसे बँडच्या कामी येतात. बाहेर मक्याचं गरम सूप मिळालं तर सोडू नका.

भारतीय म्हणून परक्यासारखं कोपऱ्यातही उभं राहू नका. रेनिगेड्सला नऊ वेळा पॅनोरामा जिंकून देणारे अरेंजर जीत समारू भारतीय वंशाचेच होते. १९९५ ते १९९७ हे ओळीनं तीन विजय त्यांच्याच रचनांचे. आणि वुडब्रुकच्या शेजारीच क्वीन्स पार्क ओव्हल आहे. १९७१ मध्ये वाडेकरांच्या संघानं तिथं वेस्ट इंडिजला हरवलं, गावसकरांचा तो पहिलाच कसोटी सामना. यार्डातल्या कुणा म्हाताऱ्यापाशी ‘गावसकर’ एवढं म्हणून बघा, तुम्हाला खुर्ची मिळेल.

आता जाण्यायेण्याचं. रात्री एका यार्डातून दुसऱ्यात पायी जाऊ नका, विशेषतः शहराच्या पूर्व भागात. राहत्या ठिकाणच्या ओळखीची टॅक्सी आधीच ठरवा. अधिकृत टॅक्सीच्या नंबरप्लेटची सुरुवात ‘एच’ या अक्षरानं होते. लष्करी छापाचे कपडे बॅगेतच भरू नका, ते घालणं तिथं कायद्यानं गुन्हा आहे.

यार्ड बंद दिसलं तर लगेच परतू नका. फाटकापाशी कुणालाही विचारा. ट्यूनिंग चालू असेल, पाऊस येऊन गेला असेल, नाहीतर एकच गट मागं बसून घोकत असेल. ट्यूनिंगचा दिवस निघाला तर परवानगी घेऊन तासभर बसाच.

आणि फायनलच्या दिवशी थेट स्टँडमध्ये जाऊन बसण्याची घाई करू नका. स्टेजकडे जाणाऱ्या वाटेवर बँड आपला नंबर येईपर्यंत थांबून शेवटचा सराव करतात, तिथं अगदी हाताच्या अंतरावरून ऐकता येतं. चाकांवरचे ते जड रॅक ढकलायला समर्थकच लागतात. तीन रात्री एका यार्डात काढल्या असतील, तर चेहरा ओळखीचा झालेला असतो. विचारा, एखाद्या रॅकची कड तुमच्याही हाती येईल.