गावाकडच्या रस्त्याचा आणि पुलाचा युद्धातला इतिहास कसा शोधायचा

आधी हे बघा की आज उभा आहे तोच पूल युद्धात होता का. बऱ्याचदा नसतो. नॉर्मंडीतला पेगॅसस पूलच घ्या, 6 जून 1944 ला मध्यरात्रीनंतर ग्लायडरमधून (बिनइंजिनाचं विमान) उतरून ब्रिटिशांनी तो ताब्यात घेतला, पण बेनूव्हिलच्या कालव्यावर आता दिसतो तो 1994 चा, मूळचा जवळच्या म्युझियमच्या आवारात ठेवलाय. म्हणून कठड्यावरची पाटी वाचून, फोटो काढून परत फिरू नका, खाली उतरा.

खाली जुन्या दगडी बांधकामाला काँक्रीटची जोड दिसली तर पूल उडवलेला असेल किंवा पुरात गेला असेल, लगेच सुरुंगावर ढकलू नका. त्यापेक्षा दोन्ही काठांवर समोरासमोर नदीपर्यंत येणारे जुने उतार शोधा, सॅटेलाइट मॅपवर पण कधीकधी कळतात. मोडक्या पुलाच्या बाजूलाच सॅपर लोक, म्हणजे लष्करातले इंजिनियर, बेली ब्रिज टाकायचे, म्हणजे लोखंडी तुकडे जोडून उभा केलेला तात्पुरता पूल. त्याचं एकेक पॅनल दहा फूट लांब, पाच फूट उंच, वजन साधारण 260 किलो, सहा जण मिळून उचलायचे, क्रेनची गरजच नाही. पुढे पॅनल काढून नेली तरी उतार तसाच राहतो. आणि हो, झाडीत गंजलेलं लोखंड सापडलं तर हात लावायचा नाही, सरळ पोलिसांना कळवायचं.

खरा माल मिळतो तो वॉर डायरीत. ब्रिटिश आणि भारतीय पलटणी रोजच्या रोज नोंद ठेवायच्या, त्या लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. मागताना फाइलींच्या मालिकेचा क्रमांक लागतो: पहिल्या महायुद्धासाठी डब्ल्यूओ 95, दुसऱ्यात ब्रह्मदेश-मणिपूरकडचं असेल तर डब्ल्यूओ 172. पायदळाच्या आधी इंजिनियर कंपनीची डायरी काढा, कारण पायदळवाला "पूल पार केला" एवढं लिहून मोकळा होतो, सॅपर मात्र किती फुटांचा, किती वाजता सुरू केला, किती टनांची गाडी जाईल असलं लिहून ठेवतो.

पण नाव टाकून शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. डायरीत पुलाला बहुतेक वेळा नावच नसतं, नकाशाचा ग्रिड रेफरन्स (चौकटींच्या आकड्यांनी दिलेली जागा) नाहीतर मैलाचा दगड असतो. जपान्यांनी घातलेला इंफाळचा वेढा उठला तो 22 जून 1944 ला, कोहिमा-इंफाळ रस्त्यावर मैल 109 ला कोहिमाकडून आणि इंफाळकडून आलेल्या ब्रिटिश-भारतीय फौजा भेटल्या तेव्हा. आता हे 109 मैल दिमापूरपासूनचे, कोहिमापासून मोजायला गेलात तर भलतीकडेच पोचाल. त्यामुळे त्याच काळातला लष्करी नकाशा मिळवल्याशिवाय डायरी उघडूच नका असं मी म्हणेन.

मुख्य रस्ता सोडून आडवाटाही बघा. बिष्णुपूर-सिलचर वाट एकदम कच्ची, पण तिच्यावरचा झुलता पूल जपान्यांनी एप्रिल 1944 मध्ये उडवला कारण इंफाळला पश्चिमेकडून जोडणारी तीच वाट होती. पूल का उडवला हे कळायचं असेल तर तो तुटल्यावर कुणाची रसद अडते ते नकाशावर बोट फिरवून बघा.

गावातल्या म्हाताऱ्यांना नक्की विचारा. जागा ते सहसा बरोबर सांगतात, तारीख आणि कुठल्या सैन्याने केलं हे मात्र डायरीवरून पडताळा. दोन डायऱ्यांमध्ये एका दिवसाचा फरक निघाला तर दोन्ही तारखा लिहून ठेवा, एक पलटण पूल बांधून झाला तो दिवस लिहिते आणि दुसरी स्वतः पलीकडे गेली तो.