कामांच्या गर्दीत डोके ठिकाणावर ठेवण्यासाठी

जालना, लातूर किंवा परभणीत नोकरी करणाऱ्या आणि गावाकडे चार एकर शेती असणाऱ्या माणसाच्या डोक्यात सकाळी आठ वाजता काय काय चाललेले असते, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. आज नळाला पाणी येणार की टँकर सांगावा लागणार, मुलीच्या शिकवणीची फी कधी भरायची, खरिपाच्या पीकविम्याचा अर्ज भरला गेला का, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या किती उरल्या, साहेबांनी मागितलेला अहवाल कोठपर्यंत आला, आणि पुतण्याच्या लग्नाच्या आहेराचे काय. यातले एखादे काम निसटले की आपण आपल्या स्मरणशक्तीला बोल लावतो. मला हे अन्यायाचे वाटते, कारण इतक्या गोष्टी एकाच वेळी पेलण्यासाठी ती घडलेलीच नाही. माणूस एका वेळी साधारण सात बाबी मनात धरू शकतो, असे जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये मांडले होते. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी ही मर्यादा चारच्या आसपास आणून ठेवली.

म्हणून पहिले काम हे की, डोक्यात साठवलेले सगळे कागदावर उतरवावे, आणि तेही एकाच वहीत. काही कॅलेंडरवर, काही मोबाइलमध्ये, काही पावतीच्या पाठीमागे अशी नोंदींची पांगापांग झाली, की नेमके कोठे लिहिले होते हे लक्षात ठेवण्याचे नवे काम मागे लागते. वही खिशात मावेल एवढी असावी. मोबाइलवर लिहिण्याची सवय असेल तर तेही चालेल. मात्र नोंद करायला म्हणून उघडलेल्या मोबाइलवर व्हॉट्सॲपचे चार निरोप वाचून आपण मूळ नोंद न करताच तो खाली ठेवतो, हे ज्यांच्या बाबतीत वारंवार घडते त्यांनी कागदच धरावा.

नोंद कशी करावी, याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात आणि म्हणूनच त्यांच्या याद्या निरुपयोगी ठरतात. ‘बँकेचे काम’ असे दोन शब्द लिहून ठेवले तर ते काम वहीत गेले, पण मनातून गेले नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘बुधवारी मोंढ्यातून परत येताना, साडेअकराच्या आत, बँकेत पीककर्जाच्या नूतनीकरणाची चौकशी, सोबत सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक.’ कधी, कोठे आणि काय घेऊन, हे तिन्ही त्यात आले. मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या दोन संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले की, अपुरे राहिलेले काम दुसरे काही करतानाही मनात डोकावत राहते, पण ते कसे करायचे याचा नेमका बेत ठरवला की, काम अजून झालेले नसतानाही हा त्रास ओसरतो. रात्री अंथरुणावर पडल्यावर कामे आठवत राहणाऱ्यांनी तर हे अवश्य करून पाहावे: दिवा मालवण्यापूर्वी दहा मिनिटे वही घेऊन बसावे, झालेल्या कामांवर रेघ मारावी, उरलेल्यांना नवा दिवस द्यावा आणि उद्याची तीनच महत्त्वाची कामे वरच्या बाजूला लिहावीत. चौथे काम जमले तर ठीक.

मुदतीची कामे वेगळ्या पानावर ठेवावीत. पीकविमा, ई-पीक पाहणी, घरपट्टी, वाहनाचा विमा अशा बाबींची शेवटची तारीख नव्हे, तर तिच्या आधीच्या आठवड्यातली एखादी तारीख लिहावी. शेवटच्या दिवशी सेवा केंद्रावर रांग असते, सर्व्हर चालत नाही आणि वीजही नेमकी तेव्हाच जाते, हा आपल्याकडचा नित्याचा अनुभव आहे.

लक्ष टिकवण्याचा प्रश्न याहून अवघड आहे. एका कामावरून दुसऱ्यावर उडी मारली तरी मनाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो, असे सोफी लरॉय यांच्या २००९ च्या अभ्यासात आढळले. अहवाल लिहिताना दर पाच मिनिटांनी फोन पाहिला, तर अहवाल लांबतो आणि चुकाही होतात. काम मध्येच सोडून उठावेच लागले, तर पुढचे पाऊल कोणते हे एका ओळीत लिहून उठावे. परत आल्यावर धागा लगेच सापडतो. डोक्याला ताण देणारी कामे शक्यतो सकाळी उरकावीत. एप्रिल-मेमध्ये दुपारचा पारा चाळिशीच्या वर असताना पत्र्याखाली बसून हिशेब जुळवणे हा स्वतःवर केलेला जुलूम आहे. त्या वेळी शिक्के मारणे, कागद लावणे, फोन करणे अशी हलकी कामे घ्यावीत आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे, कारण शरीरातले पाणी थोडे कमी झाले तरी एकाग्रतेवर परिणाम होतो.

झोपेला पर्याय नाही. प्रौढ माणसाला किमान सात तास लागतात. शेतीपंपाला रात्रीची वीज मिळणाऱ्या शेतकऱ्याला किंवा वाळूजच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या कामगाराला ते सलग मिळत नाहीत, हे खरे आहे. त्यांनी दिवसा अंधाऱ्या खोलीत झोपेची वेळ ठरवून घ्यावी आणि घरातल्यांनी ती रात्रीच्या झोपेइतकीच जपावी. चहाचा शेवटचा कप झोपेच्या सहा तास आधी व्हावा.

लग्नसराईत किंवा पेरणीच्या दिवसांत वही आठवडाभर तशीच पडून राहील. तेव्हा मागचे सगळे भरून काढण्याच्या भरीस न पडता कोऱ्या पानावर आजची तारीख घालून पुढे लिहावे. मात्र हे सगळे पाळूनही नेहमीचे रस्ते, ओळखीची नावे किंवा रोजचे व्यवहार विसरू लागले, किंवा महिनोन्‌महिने मन कशातच लागेनासे झाले, तर डॉक्टरांना दाखवावे. थायरॉइडचा विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि नैराश्य यांनीही विसरभोळेपणा येतो आणि या तिन्हींवर उपचार आहेत.