प्रोग्रॅमचा वेग मोजायला कोणतं घड्याळ वापरावं?

एकाच फंक्शनला लागलेला वेळ कधी शून्य आणि कधी १५.६ मिलिसेकंद येत असेल, तर दोष फंक्शनचा नाही, घड्याळाचा आहे. विंडोजचं साधं सिस्टिम घड्याळ एरवी सेकंदाला ६४ वेळाच पुढे सरकतं, म्हणजे एक टिक १५.६२५ मिलिसेकंदांची. त्यावर ५ मिलिसेकंदांचं काम मोजणं म्हणजे ट्रकच्या काट्यावर सोनं तोलणं.

पण टिक किती बारीक, हा नंतरचा प्रश्न. आधी ठरवा, तुम्हाला कोणता वेळ हवा आहे? काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत प्रत्यक्षात उलटलेला, की प्रोसेसरने तुमच्या प्रोग्रॅमवर खर्च केलेला? डिस्क किंवा नेटवर्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ दुसऱ्या प्रकारात धरला जात नाही. उलट चार थ्रेड (प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या शाखा) प्रोसेसरच्या चार कोअरवर एकाच वेळी एक-एक सेकंद राबले, तर घड्याळात एकच सेकंद सरतो, पण प्रोसेसरचा वेळ चार सेकंद भरतो. शक्य असेल तर दोन्ही मोजा. एका थ्रेडच्या प्रोग्रॅममध्ये या दोन आकड्यांत मोठी तफावत दिसली, तर अल्गोरिदमला हात लावण्याआधी प्रोग्रॅम कशासाठी थांबतो ते शोधा. सी भाषेतलं 'क्लॉक' फंक्शन इथे हमखास फसवतं. लिनक्सवर ते प्रोसेसरचा वेळ देतं, तर विंडोजवर उलटलेला वेळ. कोड तोच, अर्थ वेगळा.

उलटलेला वेळ मोजायचा, तर तारीख-वेळ सांगणारं घड्याळ वापरू नका. नेटवर्कवरून वेळ जुळवताना ते पुढे-मागे ढकललं जातं, आणि मग वजाबाकी ऋण येऊ शकते. ३१ डिसेंबर २०१६ च्या अखेरीस लीप सेकंद (घड्याळं पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला घातलेला जादा सेकंद) वाढवला गेला, तेव्हा गो भाषेत लिहिलेल्या एका मोठ्या डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या) सेवेत असाच ऋण कालावधी निघाला आणि तिचे काही सर्व्हर कोलमडले. हवं ते एकदिश घड्याळ, म्हणजे कधीच मागे न जाणारं.

लिनक्सवर 'क्लॉक गेटटाइम'ला 'मोनोटॉनिक' हा प्रकार द्या. वेळ जुळवण्याच्या प्रक्रियेत याची गती किंचित बदलते, पण ते उडी मारत नाही. तेवढा बदलही नको असेल तर 'मोनोटॉनिक रॉ' आहे, मात्र जुन्या कर्नेलवर (कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा) तो वाचायला जास्त वेळ लागतो. नावात 'कोअर्स' असलेला प्रकार मोजमापासाठी टाळा, त्याची टिक काही मिलिसेकंदांची असते. विंडोजवर 'क्वेरी परफॉर्मन्स काउंटर' वापरा. विंडोज १० पासून त्याची वारंवारता बहुधा १ कोटी हर्ट्झ, म्हणजे टिक १०० नॅनोसेकंदांची असते. तरी ती गृहीत न धरता विचारून घ्या. पायथनमध्ये 'पर्फ काउंटर', जावात 'नॅनोटाइम'. सी प्लस प्लसमध्ये 'स्टेडी क्लॉक'च घ्या. 'हाय रिझोल्यूशन क्लॉक' हे नाव भारदस्त असलं, तरी जीसीसी या कंपायलरच्या लायब्ररीत ते तारखेच्या घड्याळाचंच दुसरं नाव आहे. गोमध्ये १.९ आवृत्तीपासून 'टाइम नाऊ'च्या उत्तरात एकदिश वेळही येतो. ब्राउझरमध्ये 'परफॉर्मन्स नाऊ' आहे, पण २०१८ मध्ये स्पेक्टर हा सुरक्षादोष उघड झाल्यापासून ब्राउझर त्याची अचूकता मुद्दाम कमी करतात.

आता घड्याळ स्वतः तपासा. ते सलग दहा लाख वेळा वाचा आणि एकूण वेळेला दहा लाखांनी भागा, म्हणजे एका वाचनाचा खर्च कळतो. मग आकडा बदलेपर्यंत वाचत राहा आणि सगळ्यात लहान शून्येतर फरक नोंदवा. टिक वाचनापेक्षा मोठी असेल, तर हा फरक म्हणजेच टिक. टिक बारीक असेल, तर तो वाचनाचा खर्चच असतो. दोन्ही बाबतीत तुमची मर्यादा तीच. 'नॅनो' हे एकक झालं, अचूकतेची हमी नव्हे. जावाचं 'नॅनोटाइम'सुद्धा दर नॅनोसेकंदाला बदलेल असं कुणी वचन दिलेलं नाही.

नेहमीच्या लिनक्स मशीनवर एक वाचन वीस-पन्नास नॅनोसेकंदांत होतं. मायक्रोसेकंदाच्या आसपास आकडा आला, तर 'सिस' फाइल-सिस्टिममधली 'करंट क्लॉकसोर्स' ही फाइल उघडा. तिथे 'टीएससी'ऐवजी (टीएससी म्हणजे प्रोसेसरमधलाच जलद काउंटर) 'एचपीईटी' किंवा 'एसीपीआय पीएम' असेल, तर प्रत्येक वाचनाला कर्नेलमध्ये जाऊन संथ हार्डवेअर विचारावं लागतंय. व्हर्च्युअल मशीनवर हे विशेष पाहावं.

मोजायचा कालावधी या मर्यादेच्या किमान १०० पट हवा, तरच चूक १ टक्क्याच्या आसपास राहते. १०० नॅनोसेकंदांच्या टिकसाठी १० मायक्रोसेकंद पुरतात, १५.६२५ मिलिसेकंदांच्या टिकसाठी दीड सेकंदाहून जास्त लागतो. फंक्शन त्याहून छोटं असेल, तर लूपमध्ये हजारो वेळा चालवून भागाकार करा. निकाल मात्र कुठेतरी वापरा, नाहीतर कंपायलर अख्खा लूपच उडवून देईल.

प्रोसेसरचा टीएससी थेट वाचण्याचा मोह बहुतेकांनी टाळावा. आजच्या प्रोसेसरवर तो स्थिर गतीने चालतो, प्रत्यक्ष क्लॉक कमी-जास्त झाला तरी. त्यामुळे त्याचा आकडा म्हणजे कोअरने खर्च केलेली सायकल नव्हे. शिवाय प्रोसेसर सूचनांचा क्रम बदलतो, म्हणून फेन्स (क्रम बदलू न देणारी सूचना) न लावता वाचलं तर मोजायचा कोड दोन वाचनांच्या बाहेर सरकू शकतो.

एक बारीक खड्डा साठवणुकीत आहे. १९७० पासूनचे सेकंद डबलमध्ये (६४ बिटांच्या दशांश संख्येत) ठेवले, तर आजच्या तारखेला दोन शेजारच्या आकड्यांतलं अंतर सुमारे २३८ नॅनोसेकंद असतं. साध्या, ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये ते चक्क १२८ सेकंद! म्हणून वजाबाकी पूर्णांकात करा, रूपांतर नंतर. पायथनमध्ये ३.७ पासून नॅनोसेकंद पूर्णांकात देणारी रूपं आहेत, ती त्यासाठीच.

सुरुवातीच्या काही फेऱ्या सोडून द्या. कॅश (प्रोसेसरजवळची जलद मेमरी) थंड असते, म्हणजे लागणारा डेटा तिच्यात अजून आलेला नसतो, आणि जावासारख्या भाषेत कोड अजून कंपाइलही झालेला नसतो. पॉवर सेटिंग 'परफॉर्मन्स'वर ठेवा, प्रोसेस एका कोअरला बांधा. मग निदान २०-३० फेऱ्या घ्या. फक्त गणिताच्या, ठरलेल्या कामासाठी सर्वात कमी वेळ पाहावा, कारण इतर प्रोसेसेसचा अडथळा वेळ वाढवतोच. सर्व्हरच्या प्रतिसादासाठी मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) आणि ९९ वा शतमक (९९ टक्के फेऱ्या ज्याच्या आत संपतात तो आकडा) पाहा, सरासरी नको. एखादीच रखडलेली फेरी सरासरीला वर ओढते.

नव्या आणि जुन्या कोडची तुलना करण्याआधी जुनाच कोड दोन वेगळ्या नावांनी मोजून पाहा. दोघांत ३ टक्के फरक दिसला, तर नव्या कोडची २ टक्क्यांची सुधारणा या मांडणीत सिद्ध करता येणार नाही.